मागं कोण उभं होतं

आमच्या घराण्यात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आहे. कोणी सोपवलं नाही, मीच बळकावलं. लग्न असो, बारसं असो, अगदी तेरवी असली तरी जेवणं उरकून लोक सतरंजीवर लवंडले की कोणीतरी म्हणतं, "आत्या, डोंग्याची सांगा न", आणि मी आढेवेढे न घेता सुरू होते. माझ्या तोंडात वर्धा नदी दरवर्षी थोडी रुंद होत आली आहे. माझा भाचा म्हणतो की आता तिचा पैलतीर दिसेनासा झालाय. तो स्वतः सुट्टीत डोंगराकडे जातो, नारिंगी जाकीट घालून रबरी नावेत बसतो आणि घरच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकतो. त्यात सात माणसं ओरडत असतात आणि मागं बसलेला आठवा माणूस गप्प राहून नाव चालवत असतो. मी ते व्हिडिओ त्या गप्प माणसासाठी बघते. भाच्याला वाटतं, आत्या आपलं कौतुक करते.

आमचं गाव पुलगावच्या वरच्या अंगाला, वर्धेच्या उंच काठावर. पलीकडे अमरावती जिल्हा लागतो. घराच्या पुढच्या भागात बाबूजींचं किराणा दुकान होतं आणि मागच्या वाडीत बांबू-बल्ल्यांचे ढीग. मांडव असो, गोठा असो, छप्पर असो की तिरडी, गावात काहीही उभारायचं किंवा उचलायचं असलं की लोक आमच्या मागच्या दारानं यायचे. बाबूजी बांबू डोळ्यांनी निवडत नसत. एक टोक खांद्याला टेकवायचे, बोटाच्या पेरानं एकदाच ठोकायचे आणि कान लावायचे. आवाज भरीव आला की म्हणायचे, "ने बापा. तुह्या नातवाच्या मांडवापरेंत मोडत नाई." आवाज फाटका आला की तो बांबू चुलीकडे. एकदा ठोकणं पुरे, दुसऱ्यांदा ठोकणारा व्यापारी नव्हे, असं त्यांचं म्हणणं होतं. दुपारी वारा सुटला की भिंतीला टेकलेले ते शे-दीडशे बांबू एकमेकांवर टकटक आपटत, आणि माझ्या लहानपणाला जर काही आवाज असेल तर तो हाच. आमच्या घरी कोणी फार बोलत नसे. बांबूच बोलत.

त्या दुपारी माझ्या होत्या. जेवणात फुणके आणि कढी असली की बाबूजींचा डोळा हमखास लागे. भिजवलेली तुरीची डाळ भरड वाटून, त्यात कांदा-मिरची घालून वाफवलेले ते मुटके आणि वर आंबट कढी. या दोघांनी मिळून भल्याभल्यांना आडवं केलंय. बाबूजी घोरू लागले की मी वाडीच्या कुंपणातून निघे आणि उतारानं थेट नदीवर. मी नदीवर जाऊ लागल्यापासून आमच्याकडे फुणके आठवड्यातून तीनदा होऊ लागले. हा योगायोग आहे, असं मी पुढची पंधरा वर्षं समजत होते. आईनं मला कधी काही विचारलं नाही. आमचं घर मासळी न खाणारं, आणि डोंग्याला तर मासळीचा वास असा मुरलेला की माझ्या परकराच्या घेरात तो घरापर्यंत यायचा. आई तो परकर उचलायची, नाकाशी न्यायची आणि बाकीच्या कपड्यांपासून वेगळा भिजवायची. एवढंच.

डोंगा होता डोमाबुवांचा. डोमाबुवा ढिवर. मासे धरायचे, पैलतीराची माणसं न्यायचे-आणायचे, आणि दिवाळीनंतर नदीचं पाणी उतरलं की वाळूत डांगराची, म्हणजे खरबुजांची, वाडी लावायचे. त्यांचा डोंगा म्हणजे डांबर फासलेली लांब, अरुंद लाकडी नाव. मागच्या टोकावर उभं राहून लांब बांबूनं नदीचा तळ रेटायचा, की ती पुढं सरकते. ऐकायला सोपं आहे. पहिल्या महिन्यात मी चारदा पाण्यात पडले आणि दोनदा डोंगा मला काठावर ठेवून एकटाच निघून गेला. डोमाबुवा काठावर जाळं विणत बसत. हसत नसत. फक्त म्हणत, "डोंगा गेला, माय. आन जा." मी पोहत जाऊन आणायचे. एकदा मात्र डोंगा खडकावर आदळला, मी म्हटलं की धारच तशी होती, आणि त्यांनी विणणं थांबवलं.

"मांगं कोन उभं होतं?"

"मी."

"मंग धारीचं नाव काऊन घेतं? मांगं उभा राह्यते त्याचा डोंगा. तरला तरी त्याचा, फुटला तरी त्याचा. हे मंजूर नसन त मधात बस अन् भजन कर."

मला मंजूर होतं. त्या वयात मला सगळंच मंजूर असायचं.

बाबूजींना मात्र नव्हतं. नववीत गेले त्या पावसाळ्यात कोणीतरी दुकानात येऊन चुगली केली की शेठची पोट्टी ढिवराच्या डोंग्यावर बांबू घेऊन उभी होती. बाबूजींनी मला मारलं नाही, आवाजही चढवला नाही. तराजूतला गूळ उतरवून ठेवला आणि म्हणाले, "पुन्हा नदीवर दिसली त वह्या-पुस्तकं माळ्यावर. घरी बसाचं, पोळ्या शिकाच्या." माझ्या वर्गातल्या चौदा मुलींपैकी पाच जणी तशाच घरी बसल्या होत्या, म्हणजे ही नुसती धमकी नव्हती. मी दोन आठवडे नदीवर गेले नाही. मग फुणके झाले.

आता ती दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. तीन कोस खाली डोमाबुवांच्या मेव्हण्याची डांगरवाडी होती. तिथं शेणखताच्या टोपल्या, बी आणि काही दिवसांसाठी खुद्द डोंगाच पोचवायचा होता. त्यांचा मुलगा कापूस वेचायला गेलेला. टोपल्या भरल्यावर डोंग्यात दोन हलक्या माणसांपुरतीच जागा उरली, आणि हलकी माणसं म्हणजे मी आणि माझा चुलतभाऊ दिलीप. डोमाबुवा काठानं पायी चालणार होते. घरी आम्ही सांगितलं की काकाच्या वावरात वेचणीला जातो. दिलीपला मी काय सांगून आणलं ते मला आठवत नाही. तो म्हणतो, फसवून. दिलीपला पोहता येत नव्हतं. तो टोपल्यांच्या मध्ये मांडी घालून बसला, दोन्ही कडा घट्ट धरल्या आणि डोळे मिटले. आज तो सेवाग्रामच्या दवाखान्यातून निवृत्त होऊन नातवंडं सांभाळतो, आणि कोणी विचारलं तर प्रामाणिकपणे सांगतो, "मी काही पाह्यलं नाई बाप्पा. मी शेणाच्या वासात रामरक्षा म्हणून राह्यलो होतो."

पण मी पाहिलं. सकाळचं ऊन तळापर्यंत जात होतं आणि खालचे गोटे मोजता येत होते. काठाच्या पळाट्या कापसानं पांढऱ्या फुटलेल्या. बगळा उडायचा आणि पुढच्या वळणावर पुन्हा तोच बगळा, जणू आम्हीच त्याचा पाठलाग करत होतो. माझ्या बांबूतून नदीचा तळ मला कळत होता. वाळू लागली की हातात कुरकुर यायची, खडक लागला की ठणका. जेवलो आम्ही एका बेटावर, भाकरी आणि जवसाची चटणी, आणि दिलीपनं तेव्हाही डोळे पूर्ण उघडले नाहीत.

हत्तीडोहाच्या तोंडाशी नदी दोन काळ्या खडकांमधून जाते. तिथं पाणी आवाज करत नाही, हीच त्याची खोड. मी डावा खडक टाळायला बांबू खोल रोवला आणि तो बसला. गाळात, की खडकाच्या फटीत, कोण जाणे. डोंगा पुढं चालला, बांबू जागचा हलेना, आणि मी त्या दोघांच्या मधे ताणले जाऊ लागले. काठावरून डोमाबुवा काही ओरडत होते. पुढच्या क्षणी माझे हात रिकामे होते, डोंगा गर्रकन फिरला आणि त्या दोन खडकांमधून आम्ही उलटे गेलो, शेपूट पुढं आणि तोंड मागं. मी पालथी पडून पाणी उपसायच्या डब्यानंच वल्हवत राहिले. दिलीप रामरक्षेतून थेट आईच्या नावावर आला. डोह लागल्यावर डोंगा आपोआप संथ झाला. मी मान वर केली तेव्हा सगळ्या टोपल्या जागेवर होत्या, दिलीप जागेवर होता, फक्त बांबू नव्हता. दुपारी एकच्या सुमारास डांगरवाडीवर पोचलो. परत येताना काठानं चाललो, पायांत सराटे भरले, आणि डोमाबुवा दहा पावलं पुढं चालत राहिले.

सुट्टी संपली आणि शाळेत हस्तलिखित काढायचं ठरलं. वर्षातून एकदा मुलांचे लेख-कविता जाड कागदावर सुबक अक्षरात उतरवायच्या, चित्रं काढायची, कापडी पुठ्ठा बांधायचा, आणि स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या हातून त्याचं प्रकाशन करायचं. निवडक लेख तिथंच वाचून दाखवायचा. माझं अक्षर वळणदार, म्हणून अख्खं हस्तलिखित उतरवायचं काम माझ्याकडे असे. त्या वर्षी मी स्वतःचाही लेख दिला, 'डोंग्यातून तीन कोस'. नदी माझ्या पोटात मावत नव्हती, दुसरं कारण नाही. पुढं काय होईल याचा विचार मी केला नव्हता. लिहिणाऱ्यांनी तो करू नये, असं माझं अजूनही मत आहे.

मराठीच्या गावंडे सरांनी लेख वाचला आणि लाल शाईनं भरून परत दिला. "भाषा छान आहे. पण डोंगा दिलीप चालवतो, असं कर. तू मध्ये बसून निसर्ग पाहतेस. शेवटी सूर्यास्त घाल."

"सर, आम्ही एक वाजता पोचलो."

"वाचणाऱ्याला वाजलेले दिसत नाहीत, नंदा. सूर्यास्त दिसतो."

"अन् दिलीपनं तर डोळे मिटले होते."

"वाचणाऱ्याला पटायला नको? मुलगी मागं उभी राहून डोंगा चालवते, हे कोणाला पटेल?" सर वाईट नव्हते. खुर्चीवर जरा पुढं झुकून हळूच म्हणाले, "आणि तुझे वडील पहिल्या रांगेत असतात. मी तुझ्याच भल्याचं सांगतो."

ते खरंच माझ्या भल्याचं होतं. लाल शाईतला लेख उतरवला असता तर माझी वह्या-पुस्तकं सुरक्षित होती, नदी सुरक्षित होती, फुणके चालू राहिले असते. मी म्हटलं, "जे झालं तेच लिहिलं आहे, सर." सर म्हणाले, "उद्यापर्यंत दुरुस्त करून उतरव." मी होकार दिला नाही, नकारही दिला नाही. घरी गेले, जाड कागद काढला आणि माझाच लेख जसाच्या तसा उतरवला, समासाला वेलबुट्टी काढून. सरांनी हस्तलिखित चाळलं, अक्षराचं कौतुक केलं आणि पुठ्ठा बांधायला दिलं. ज्याचं अक्षर चांगलं त्याच्यावर कोणी संशय घेत नाही. आयुष्यात ही गोष्ट मला पुढंही उपयोगी पडली.

संमेलनाच्या दिवशी शाळेच्या पटांगणात आमच्याच दुकानच्या बांबूंचा मांडव होता. पहिल्या रांगेत बाबूजी, पांढरी टोपी, हातात उपरणं. बाजूला सरपंच. मी व्यासपीठावर हस्तलिखित उघडलं तेव्हा सर कडेला उभे राहून सूर्यास्ताची वाट पाहत होते. मला त्या क्षणीही पळवाट होती. लाल शाईचं प्रत्येक वाक्य मला पाठ होतं, कागदावर नजर ठेवून मी ते म्हणू शकले असते. मी बाबूजींच्या टोपीकडे पाहिलं आणि जरुरीपेक्षा मोठ्यानं वाचलं, "डोंग्याच्या मागं मी उभी होते."

नंतरचं सगळं मी त्याच आवाजात वाचलं. बगळा वाचला, गोटे वाचले, दिलीपची रामरक्षा वाचली तेव्हा पटांगण हसलं. आणि मग ते वाक्य आलं, जे मी लेख लिहितानाच घातलं होतं, सरांच्या लाल शाईच्याही आधी: "खडकांच्या मधोमध बांबू कडाडून मोडला." कारण हातून सुटला असं लिहिलं असतं तर सगळे म्हणाले असते, पोट्टीच ती, सुटणारच. टाळ्या पडल्या. सरपंच बाबूजींच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "शेठ, तुमची पोट्टी त नावाडी निंगाली." सरांनी मान खाली घातली होती.

घरी आम्ही तिघं जेवायला बसलो. मी वह्या-पुस्तकांना मनातल्या मनात निरोप देत होते. बाबूजींनी भाकरी मोडली, कढीत बुडवली आणि तशीच ताटात ठेवली.

"आता शाळा बंद करता येत नाई," ते अखेर आईला म्हणाले. "गावभर झालं. लोक म्हनतीन, शेठ पोरीले भ्याला." मग माझ्याकडे वळले. "बांबू मोडला म्हनते तू."

"हो."

"डोमाकडचा बांबू आपल्या वाडीतला होता. मी ठोकून देल्ला होता."

मी कढी भुरकली.

"समद्या गावासमोर वाचलं तुनं, का शेठचा बांबू मोडला."

मला शाळा बंद होण्याची भीती होती, माराची भीती होती. बांबू कोणाचा, याचा विचार मी केलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबूजींनी डोमाबुवांना वाडीत बोलावलं. मीही तिथं होते, कारण मला उभं केलं होतं. बाबूजींनी विचारलं, "डोमा, बांबू कुठं मोडला? पेरावर का मधात?"

डोमाबुवांनी माझ्याकडे पाहिलं. "मी काठावर होतो, शेठजी. मांगं नंदा उभी होती. तिले इचारा."

दोघंही माझ्याकडे बघत होते. वारा नव्हता, बांबू गप्प होते. ज्या मुलीनं शिक्षकाची लाल शाई झुगारली, अख्ख्या पटांगणासमोर बापाच्या तोंडावर खरं वाचलं, ती म्हणाली, "पेरावर मोडला."

बाबूजींनी ढिगातून एक नवा बांबू काढला, खांद्याला टेकवला, ठोकला, कान लावला. मग थांबून पुन्हा ठोकला. "ने, डोमा. हा माह्याकडून." त्या दिवसापासून ते प्रत्येक बांबू दोनदा ठोकत. गिऱ्हाईक घाईत असलं तरी, हात थकले तरी. शेवटच्या आजारपणात खाटेवरून हात लांबवून भिंतीला टेकलेला बांबू ठोकून पाहायचे, तोही दोनदा. पाहुण्यांना वाटायचं, जुना व्यापारी आहे, चोखंदळ आहे.

डोमाबुवा नवा बांबू घेऊन निघाले तेव्हा मी कुंपणापर्यंत मागं गेले. माफी मागायची होती, पण ते आधीच बोलले.

"काऊन वं, मोडला म्हून काऊन लिवलं?"

"सुटला म्हटलं असतं त सगळे हसले असते."

"हसनारे काय डोंगा चालवतात? मी काठावरून काय वरडत होतो, आयकलं नाई तुनं?"

"नाई."

"बांबू सोड म्हनत होतो. बसलेला बांबू धरून राह्यलं का डोंगा पायाखालून जाते अन् मानूस बांबूले लटकते. मंग दिलप्याचं काय झालं असतं? बांबू सोडाचा, डोंगा नाई सोडाचा. तुह्या हातानं बराबर केलं. अन् जे बराबर केलं तेच तुनं खोडलं." त्यांनी बांबू खांद्यावर सरकवला. "अजून हाये तो तिथंच. उभाचा उभा. मी चिंधी बांधली त्याले, खालून येनाऱ्यायले खडक समजावा म्हून."

मी नदी सोडली नाही. बाबूजींनी पुढं दोनदा मना केलं आणि दोन्ही वेळा आईनं डाळ भिजत घातली. पण त्या बांबूपर्यंत मी एकदाच गेले, उन्हाळ्याच्या तोंडाशी, एकटी, डोंग्याच्या मागं उभी राहून. दोन खडकांच्या मधे तो सरळ उभा होता, वर लाल चिंधी. मी डोंगा जवळ नेला आणि बोटाच्या पेरानं ठोकला. आवाज भरीव होता. घरी येऊन सांगायचं ठरवलं होतं. बाबूजी वाडीत बांबू निवडत होते, एकदा ठोकून दुसऱ्यांदा ठोकत होते, आणि मी आत निघून गेले. पावसाळ्यात पूर आला, तेव्हा तो गेला असावा.

ते हस्तलिखित शाळेनं मागच्या वर्षी कपाटं आवरताना मला परत दिलं. पुठ्ठा वाळवीनं खाल्लाय, माझं अक्षर शाबूत आहे. त्यातली बांबू मोडल्याची ओळ खोडायची आहे, असं मी घरात म्हटलं तेव्हा भाचा म्हणाला, "आत्या, आता कशाले बदलता? बांबू कडाडून मोडतो, तिथंच त मजा हाये." दिलीप म्हणाला, "लिव्ह बापा, मी त डोळे मिटले होते." आई आता खूप थकली आहे. तिनं फक्त विचारलं, "त्याह्यले सांगनार होती न तू?" आणि कूस बदलली.

डोंगा माझा होता, हे मी तेव्हा सगळ्यांसमोर वाचलं आणि आजही वाचीन. गावंडे सरांनी तो दिलीपला द्यायला काढला होता, मी दिला नाही. डोंगा माझा तर त्यातून जे गेलं तेही माझं. हस्तलिखितातल्या त्या ओळीवर मी आज लाल शाईनं काट मारली आहे आणि समासात, वेलबुट्टीच्या जवळ, वळणदार अक्षरात लिहिलंय: बाबूजी, तुमचा बांबू मोडला नव्हता. एकदा ठोकलात तेवढं पुरे होतं. मागं मी उभी होते, मी सोडला.